घाटाच्या अलीकडेच लावलेलं एक्मो: नाशिकमधल्या एका बाळंतिणीचं प्रकरण

एक्मो म्हणजे रक्त शरीराबाहेर घेऊन त्यात ऑक्सिजन भरून परत सोडणारं यंत्र. ओळख पटू नये म्हणून रुग्णाचे आणि रुग्णालयांचे काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

रुग्ण २९ वर्षांची, पहिलटकरीण, बाळंतपणासाठी सिन्नर तालुक्यातल्या माहेरी आलेली. ऑगस्टमध्ये सिझर झालं. टाके कोरडे पाहून पाचव्या दिवशी घरी सोडलं. नवव्या दिवशी ताप आणि कोरडा खोकला सुरू झाला. घरात बाळ पाहायला येणाऱ्यांची वर्दळ होती, त्यांतला एक पोरगा आठवडाभर खोकत होता. तापाचं खापर मात्र दुधावर फुटलं: छाती दाटली, म्हणून ताप. गावातल्या डॉक्टरांनी टाके पाहिले, ते ठीक होते. मग पॅरासिटामॉल आणि दोन अँटिबायोटिक यांवर चार दिवस गेले. बारसं पुढे ढकललं गेलं, पण ताप फ्लूचा असेल असं कुणाच्या मनात आलं नाही.

तेराव्या दिवशी संध्याकाळी ती नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात पोहोचली, तेव्हा साध्या हवेवर सॅच्युरेशन ८१ टक्के होतं, श्वास मिनिटाला ४२, आणि एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी. स्वॅब एच१एन१ पॉझिटिव्ह आला. ओसेल्टामिविर ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा त्याच रात्री सुरू झालं, म्हणजे तापाच्या पाचव्या दिवशी. या औषधाचा सर्वांत जास्त उपयोग पहिल्या ४८ तासांत होतो. गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे दोन आठवडे फ्लूसाठी जोखमीचे मानले जातात, आणि अशा बाईला हंगामात ताप-खोकला आला तर स्वॅबचा निकाल येईपर्यंत थांबायचं नसतं.

अडचण

पहिले १८ तास बायपॅपच्या, म्हणजे दाबाने हवा देणाऱ्या यंत्राच्या, मास्कवर गेले. सॅच्युरेशन ८८ ते ९० वर टिकत होतं, म्हणून नळी घालणं लांबवलं गेलं. त्या काळात ती प्रत्येक श्वास खोल आणि जोरात ओढत होती. आजारी फुप्फुस असं ताणलं गेलं की इजा वाढते, आणि ही इजा मॉनिटरवरच्या टक्केवारीत दिसत नाही. चौदाव्या दिवशी दुपारी नळी घालून व्हेंटिलेटर लावला.

व्हेंटिलेटर नीट लावला होता, हे नोंदवायला हवं. उंची १५५ सेंटिमीटर, त्यावरून काढलेलं अपेक्षित वजन ४८ किलो, म्हणून प्रत्येक श्वास २९० मिलिलिटरचा. काट्यावरच्या ६८ किलोंवरून हिशेब केला असता तर तो ४०० च्या पुढे गेला असता. पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत राखलेला दाब, १४; ऑक्सिजन १०० टक्के; प्लॅटो दाब, म्हणजे श्वास भरून क्षणभर थांबल्यावरचा दाब, ३१. स्नायू शिथिल करणारं औषध चालू होतं. संध्याकाळी तिला १६ तासांसाठी पालथं झोपवलं. पी/एफ गुणोत्तर, म्हणजे धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब भागिले श्वासातल्या ऑक्सिजनचा हिस्सा, निरोगी माणसात ४०० च्या वर असतं. तिचं ६२ वरून १०४ वर गेलं. पंधराव्या दिवशी सकाळी उताणं केल्यावर चार तासांत ते पुन्हा ७० वर आलं.

दुपारी दुसऱ्यांदा पालथं केलं. या वेळी पालथ्या स्थितीतच आकडा घसरत गेला: रात्री एक वाजता ७६, सकाळी सातला ७१. कार्बन डायऑक्साइड ६८, पीएच ७.२१, श्वासांचा वेग ३४ वर नेऊनही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या इओलिया चाचणीत एक्मोसाठी जे निकष होते, त्यांत पी/एफ ८० च्या खाली सहा तासांहून जास्त राहणं हा एक, आणि पीएच ७.२५ च्या खाली व कार्बन डायऑक्साइड ६० किंवा जास्त सहा तासांहून अधिक राहणं हा दुसरा. सोळाव्या दिवशी सकाळी ती पहिल्या निकषात बसत होती आणि दुसऱ्याच्या उंबऱ्यावर होती.

एक्मो इथे नेमकं काय करणार होतं

नातेवाइकांना पहिल्या बैठकीत हे कागदावर चित्र काढून सांगितलं गेलं. मांडीच्या मोठ्या शिरेतून काळपट रक्त जाड नळीने बाहेर घ्यायचं. चक्राकार पंप ते ऑक्सिजनेटरमध्ये ढकलतो. ऑक्सिजनेटर म्हणजे पॉलिमेथिलपेंटीनच्या हजारो पोकळ तंतूंचा गठ्ठा: तंतूंच्या आतून वायू वाहतो, बाहेरून रक्त. तिथे ऑक्सिजन आत येतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, आणि लालभडक झालेलं, शरीराइतकं गरम केलेलं रक्त मानेतल्या शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात परत येतं. किती ऑक्सिजन मिळणार हे मुख्यतः रक्ताच्या प्रवाहावर ठरतं. किती कार्बन डायऑक्साइड निघणार हे वायूच्या प्रवाहावर, म्हणजे ‘स्वीप’वर. या दोन मुठी वेगळ्या आहेत, हे ज्याच्या अंगवळणी पडलेलं नाही त्याने रात्रपाळीला या यंत्रापाशी एकट्याने बसू नये.

हा झाला शिरेतून शिरेत जाणारा, व्हीव्ही प्रकार. तो फुप्फुसांचं काम करतो, हृदयाला थेट काहीच मदत करत नाही. हृदयच पंप करेनासं झालं असेल, मायोकार्डायटिसमध्ये (हृदयाच्या स्नायूची सूज) होतं तसं, तर शिरेतून घेऊन धमनीत सोडणारा व्हीए प्रकार लागतो. त्याच्या कटकटी वेगळ्या: मांडीच्या धमनीत जाड नळी बसल्यावर पायाला रक्त पोहोचावं म्हणून ६ ते ८ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) वेगळी बारीक नळी खाली सोडावी लागते, आणि थकलेल्या डाव्या कप्प्याला उलट्या प्रवाहाविरुद्ध काम करावं लागतं. म्हणून कुठलंही एक्मो ठरवण्याआधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हवा. इथे डाव्या कप्प्याचं पंपिंग ५५ टक्के होतं, उजवा कप्पा थोडा फुगलेला, रक्तदाब टिकवणारं नॉरएड्रेनालिन बेताच्या मात्रेत. फुप्फुसांना आधार मिळाला की उजव्या कप्प्यावरचा ताण उतरेल, असा अंदाज बांधून व्हीव्ही ठरलं. ऑपरेशन थिएटरमधलं हार्ट-लंग मशीन याच घराण्यातलं, पण ते काही तासांसाठी असतं. हे दिवस आणि आठवडे चालवायचं असतं.

कोणते पर्याय होते

पहिला: आहे तेच चालू ठेवायचं, पालथं झोपवणं आणि वाट पाहणं. २०१३ च्या प्रोसेव्हा चाचणीत गंभीर रुग्णांना रोज १६ तास पालथं ठेवल्यावर २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ वर आले होते. पालथं झोपवण्याएवढं स्वस्त आणि परिणामकारक दुसरं काही नाही, आणि ते न करता एक्मोची चर्चा सुरू करणं हा वेडेपणा. पण इथे दुसरी फेरी निष्फळ ठरली होती.

दुसरा: व्हेंटिलेटरवरच मुंबईला हलवायचं आणि तिथे एक्मो लावायचं. घरच्यांचा कल याकडे होता, कारण ‘निघालो’ हा दिलासा लगेच मिळतो. पण १०० टक्के ऑक्सिजनवर, पालथं असूनही रक्तातला ऑक्सिजनचा दाब जेमतेम ७१ असलेल्या रुग्णाला उताणं करून चार-पाच तास रस्त्यावर न्यायचं, तेही वाहनातल्या व्हेंटिलेटरवर, हा जुगार होता. कसारा घाटात सॅच्युरेशन ६० वर आलं, तर डॉक्टरच्या हातात उरतं काय?

तिसरा: नाशिकमध्येच एक्मो लावून इथेच चालवायचं. यंत्र भाड्याने आणि पर्फ्युजनिस्ट, म्हणजे हे यंत्र चालवणारा तंत्रज्ञ, दोन दिवसांसाठी मिळत होता. यावर सर्वांत जास्त वेळ चर्चा झाली. शहरात यंत्र असणं आणि शहरात एक्मो चालणं यांत फार फरक आहे. २४ तास पंपाशेजारी एक प्रशिक्षित नर्स, म्हणजे तीन पाळ्यांत सुट्ट्या धरून किमान पाच जणी. राखीव पंप आणि भरून ठेवता येईल असं दुसरं सर्किट. रात्री दोनला प्लेटलेट आणि क्रायोप्रेसिपिटेट (रक्त गोठायला लागणारे घटक) देणारी रक्तपेढी. रक्तस्राव झाला तर स्त्रीरोगतज्ज्ञ, मेंदूचा सर्जन आणि सीटी स्कॅन एकाच छताखाली. एक्मोच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची सूचना अशी की केंद्राने वर्षाला किमान ६ रुग्ण हाताळावेत, नाहीतर हात विसरतो. त्या रुग्णालयाचा हा पहिला रुग्ण ठरला असता.

चौथा: मुंबईच्या पथकाने नाशिकला यायचं, नळ्या इथेच घालायच्या, आणि एक्मोवर स्थिर झालेल्या रुग्णाला घाट उतरवून न्यायचं. जाऊन-येऊन वेळ जातो, खर्च वाढतो, पण सर्वांत धोक्याचं काम रुग्ण चार भिंतींत असताना उरकतं. हाच पर्याय निवडला.

एक्मो द्यायचंच नाही, हाही एक पर्याय असतो आणि तो मोठ्याने उच्चारला पाहिजे. इओलियात ६० दिवसांचे मृत्यू एक्मो गटात ३५ टक्के आणि दुसऱ्या गटात ४६ टक्के होते, हा फरक संख्याशास्त्राच्या काट्यावर पुरता उतरला नव्हता. दुसऱ्या गटातल्या २८ टक्के रुग्णांना पुढे एक्मो द्यावंच लागलं, म्हणून वाद अजून आहे. हिच्या बाजूने तीन गोष्टी होत्या: वय, बरा होऊ शकणारा एकच आजार, आणि व्हेंटिलेटरवर दोनच दिवस झालेले. व्हेंटिलेटरचा पहिला आठवडा उलटून गेला की हिशेब झपाट्याने बिघडतो.

नाशिकमध्ये काय केलं

सकाळी ९.४० ला मुंबईला फोन झाला. पथक, म्हणजे इंटेन्सिव्हिस्ट, सर्जन, पर्फ्युजनिस्ट आणि नर्स, दुपारी एकला निघून भिवंडीच्या कोंडीतून पावणेसहाला पोहोचलं. मधल्या आठ तासांत नाशिकच्या आयसीयूने केलेली तयारी पुढच्या सगळ्याला उपयोगी पडली. चार युनिट रक्त क्रॉसमॅच करून ठेवलं. हिमोग्लोबिन ८.४ होतं, दोन युनिट आधीच चढवलं, कारण सर्किट भरण्यासाठी वापरलेलं साधारण ६०० मिलिलिटर सलाइन एकदम अंगात आलं की रक्त आणखी पातळ होतं. दोन्ही मांड्यांच्या शिरा सोनोग्राफीने पाहिल्या. बाळंतिणीत गुठळीची शक्यता जास्त असते आणि नळीला वाट दाखवणारी तार गुठळीतून ढकलणं महागात पडतं. शिरा मोकळ्या होत्या. स्त्रीरोगतज्ज्ञांनी गर्भाशय तपासलं: आत वारेचा तुकडा राहिलेला नाही, स्राव बेताचा, टाके १६ दिवसांचे.

एक गोष्ट मात्र आड आली. औषधांची सेंट्रल लाइन मानेच्या उजव्या शिरेत होती, आणि परतीची नळी बसवायला तीच शिर सर्वांत सरळ असते. डाव्या बाजूला नवी लाइन टाकून औषधं तिकडे वळवेपर्यंत पाऊण तास गेला, आणि नॉरएड्रेनालिन एका लाइनवरून दुसरीवर नेताना रक्तदाब ६८ वर आला. एआरडीएसच्या, म्हणजे दोन्ही फुप्फुसं अशी सुजून निकामी होणाऱ्या आजाराच्या, प्रत्येक रुग्णात पहिली लाइन डावीकडे टाकायची सवय लावून घेतली, तर हा पाऊण तास वाचतो. त्याला पैसाही लागत नाही.

उताणं केल्यावर सॅच्युरेशन ७४ वर उतरलं. हेपरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा, ३,५०० युनिटचा बोलस (एकदम दिलेला डोस) दिला, किलोमागे सुमारे ५० युनिट. सोनोग्राफीवर पाहत उजव्या मांडीत २३ फ्रेंचची ओढणारी नळी आणि मानेत १९ फ्रेंचची परतीची नळी गेली. शिरेतलं छिद्र रुंद करणारे डायलेटर क्रमाने वाढवताना दर टप्प्याला तार मागेपुढे सहज हलते का हे तपासायचं असतं. तार अडकली असताना जोर लावला की ती मुडपते, शिर फाटते, आणि हे पोटाच्या पोकळीत घडलं तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. तारेचं टोक कुठे आहे ते इकोवर पाहणारा माणूस वेगळा ठेवला होता.

७.३५ ला पंप सुरू झाला. मिनिटाला ३,२०० फेरे, प्रवाह ४.२ लिटर. ६८ किलोंना किलोमागे किमान ६० मिलिलिटर धरले तर ४.१ लिटर लागतात, म्हणजे पुरेसा. ओढण्याचा दाब उणे ७०, तो उणे १०० च्या पलीकडे जाऊ द्यायचा नाही, नाहीतर रक्तपेशी फुटतात. दोन नळ्यांतल्या रक्ताचा रंग वेगळा दिसू लागला आणि सॅच्युरेशन सहा मिनिटांत ९२ झालं.

इथे एक मोह होतो. कार्बन डायऑक्साइड ६८ आहे, यंत्र तो दहा मिनिटांत ४० वर आणू शकतं, मग आणावा. आणू नये. तो एकदम पडला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि पहिल्या २४ तासांत तो निम्म्याहून जास्त घसरलेल्या रुग्णांत मेंदूतला रक्तस्राव जास्त आढळतो. स्वीप २ लिटरवर सुरू करून सावकाश वाढवला. निघताना आकडा ५४ होता, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ४४.

घाटातला प्रवास

नाशिक ते मुंबई सुमारे १७० किलोमीटर. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. हे प्रकरण त्याआधीचं, त्यामुळे कसारा घाट चुकत नव्हता.

ऑक्सिजनचा हिशेब पर्फ्युजनिस्टने फळ्यावर लिहिला. स्वीप ४ लिटर, व्हेंटिलेटर ८ लिटर, एकूण मिनिटाला १२. पाच तासांचे ३,६००, आणि नियमाप्रमाणे दुप्पट, म्हणजे ७,२०० लिटर. ७,००० लिटरचे दोन जम्बो सिलिंडर अँब्युलन्समध्ये आणि १,५०० लिटरचे दोन छोटे, स्ट्रेचरबरोबर फिरवायला. नाशिककरांना हा दुपटीचा नियम पटवून द्यावा लागत नाही. २१ एप्रिल २०२१ ला इथल्या महापालिकेच्या रुग्णालयात टाकीतून गळती होऊन पुरवठा कोसळला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले, हे कुणी विसरलेलं नाही.

कन्सोलची बॅटरी कागदावर ९० मिनिटांची. म्हणून अँब्युलन्सचा इन्व्हर्टर पंप, व्हेंटिलेटर आणि सिरिंज पंप सगळे एकत्र लावून अर्धा तास चालवून पाहिला. दोन्ही बंद पडले तर हाताने फिरवायचा हँडल पंपाशेजारीच बांधलेला, नळी बंद करायचे चार क्लॅम्प स्ट्रेचरच्या चादरीला टोचलेले. हँडल एका पेटीत आणि पेटी मागच्या गाडीत, असंही घडलेलं ऐकिवात आहे.

साडेदहाला निघाले. सासऱ्यांनी विचारलं, “वाटेत काही झालं तर परत फिरणार का?” त्यांना स्पष्ट सांगितलं गेलं की इगतपुरीपर्यंत मागे, त्यापुढे फक्त पुढे.

घाट उतरताना नळी थरथरायला लागली आणि प्रवाह ४.२ वरून ३.१ वर आला. याला बोलीत ‘चॅटरिंग’ म्हणतात: शिर रिकामी पडते, पंप जोरात ओढतो, शिरेची भिंत नळीच्या छिद्रांवर चिकटते आणि सुटते. प्रवाह कमी दिसला की नवखा हात फेरे वाढवायला जातो. त्याने ओढ वाढते, भिंत आणखी घट्ट चिकटते आणि प्रवाह आणखी पडतो. उलट करायचं असतं. फेरे २,९०० वर आणले, २५० मिलिलिटर रिंगर दिलं, खोकला दाबायला गुंगीचं औषध वाढवलं. चार मिनिटांत नळी शांत झाली. पहाटे ३.०५ ला मुंबई गाठली.

मुंबईतले बारा दिवस

व्हेंटिलेटर विश्रांतीवर ठेवला: मिनिटाला १० श्वास, पीप १०, वरचा दाब २२, ऑक्सिजन ४० टक्के. प्रत्येक श्वासात जेमतेम ९० मिलिलिटर हवा जात होती. नवऱ्याने आकडा वाचला आणि फुप्फुसं संपली असं समजून सगळ्या नातेवाइकांना फोन केले. हा आकडा पहिल्या दिवशीच समजावून सांगायला हवा होता.

एक्मोच्या तिसऱ्या दिवशी सॅच्युरेशन ९१ वरून ८३. पंप ठीक, प्रवाह ठीक. उत्तर ऑक्सिजनेटरच्या आधीच्या रक्तात मिळालं: तिथलं सॅच्युरेशन ८५ होतं, एरवी ते ६५ ते ७५ असतं. म्हणजे परतीच्या नळीतून आलेलं लाल रक्त शरीरात न जाता लगेच ओढणाऱ्या नळीत शिरत होतं. एक्स-रेत दोन्ही टोकं फार जवळ आलेली दिसली. मांडीची नळी ३ सेंटिमीटर मागे घेतली, दोन टाके जास्त घातले, सॅच्युरेशन ९० झालं. इथेही फेरे वाढवले असते तर रक्ताचं हे फिरणं वाढलंच असतं.

पाचवा दिवस सर्वांत कठीण गेला. सकाळपासून अंगावरून जायला लागलं, सहा तासांत अंदाजे ७०० मिलिलिटर. प्लेटलेट ६२,०००, फायब्रिनोजेन १४०. पंपाच्या घर्षणाने रक्त गोठायला लागणाऱ्या फोन विलिब्रँड घटकाचे मोठे रेणू तुटतात, त्यामुळे एक्मोवरचा रुग्ण हेपरिन बंद असतानाही सहज रक्तस्राव करतो. त्यात हेपरिन चालू आणि गर्भाशय अजून कच्चं. सोनोग्राफीत वारेचा तुकडा नव्हता. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, क्रायोप्रेसिपिटेट, प्लेटलेट, गर्भाशयात फोलीचा फुगा, आणि हेपरिन पूर्ण बंद. व्हीव्ही सर्किट ४ लिटरच्या वर वाहत ठेवलं तर हेपरिनशिवाय काही दिवस निभावतं. रक्तस्राव रात्रीपर्यंत थांबला. हेपरिन ३६ तास बंद राहिलं, नंतर अगदी कमी मात्रेत सुरू केलं.

त्याची किंमत आठव्या दिवशी मोजली. नर्स दर पाळीला टॉर्चने ऑक्सिजनेटरचे कोपरे पाहून काळे डाग कागदावरच्या आकृतीत रेखाटत होत्या. डाग दोन पाळ्यांत वाढले. आत-बाहेरच्या दाबातला फरक २० वरून ६२ मिमी पारा, बाहेर पडणाऱ्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब ४२० वरून १६०. स्वीप काही सेकंद १० लिटरवर नेऊन तंतूंत साचलेलं पाणी उडवून पाहिलं, फरक पडला नाही. गुठळ्याच होत्या. संध्याकाळी सर्किट बदललं. आधी व्हेंटिलेटरवर १०० टक्के ऑक्सिजन, नवं सर्किट बुडबुडे काढून तयार, प्रत्येकाने आपलं काम मोठ्याने म्हणून दाखवलं, मग क्लॅम्प, काप, जोडणीवर सलाइनची धार धरून जोड. पंप ५० सेकंद थांबला. सॅच्युरेशन ७१ पर्यंत उतरून वर आलं. रात्री आणीबाणीत करावं लागण्यापेक्षा संध्याकाळी ठरवून केलेलं बरं.

नवव्या दिवशी गळ्याला छिद्र पाडून ट्रॅकिऑस्टॉमी झाली, गुंगी उतरवली. अकराव्या दिवशी एक श्वास ३४० मिलिलिटरचा. चाचणीसाठी स्वीपचा वायू बंद केला, रक्ताचा प्रवाह तसाच ठेवला. व्हीव्हीमध्ये वायू बंद केला की यंत्रातून रक्त नुसतं फिरून येतं, आणि रुग्णाच्या फुप्फुसांची खरी परीक्षा होते. प्रवाह कमी करून पाहण्याची गरज नाही, त्याने फक्त गुठळी होते. १८ तास ५० टक्के ऑक्सिजनवर टिकली. बाराव्या दिवशी नळ्या निघाल्या.

निष्पत्ती

नळ्या काढल्यावर केलेल्या सोनोग्राफीत उजव्या मांडीच्या शिरेत गुठळी सापडली. हे इतक्यांदा घडतं की ही तपासणी विचारून नाही, ठरवूनच करावी. तीन महिने रक्त पातळ करणारं औषध दिलं. एक्मो लावल्यापासून २३ व्या दिवशी तिला नाशिकला परत आणलं, ३२ व्या दिवशी ती घरी गेली. तेव्हा आधाराशिवाय खुर्चीतून उठता येत नव्हतं. दूध आटलं होतं, बाळ डब्याच्या दुधावर होतं. तिसऱ्या महिन्यात ती घरातला जिना थांबत थांबत चढत होती, उजव्या मांडीचा एक पट्टा बधिर होता.

पहिल्या बैठकीत घरच्यांना १० ते १२ लाखांचा अंदाज दिला होता. मुंबईचं बिल साडेसतरा लाख झालं. अंदाज सात दिवसांचा होता आणि दुसरं सर्किट त्यात धरलंच नव्हतं. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, पण उत्पन्नाचा दाखला सिन्नरहून यायला सहा दिवस लागले आणि सवलत त्यापुढच्या बिलालाच मिळाली. पथक निघालं त्याच तासाला घरातल्या एकाला तहसीलला पाठवलं असतं तर काही लाख वाचले असते.

काय वेगळं करता आलं असतं

तापाच्या पहिल्या दिवशी ‘बाळंतपण कधी झालं?’ हा प्रश्न टाके बघण्यापुरता विचारला गेला. त्याच उत्तरावर ओसेल्टामिविर सुरू व्हायला हवं होतं. बायपॅपचे १८ तासही जास्त झाले. दोन तासांत श्वासांचा वेग उतरला नाही, तर मास्क हे उत्तर नव्हे.

सर्वांत मोठी चूक फोनच्या वेळेची. पंधराव्या दिवशी सकाळी, पहिल्या पालथ्या फेरीचा फायदा चार तासांत विरला तेव्हाच मुंबईला कळवायला हवं होतं. तेव्हा फोन केला नाही, कारण फोन म्हणजे हलवणं, आणि हलवणं म्हणजे हार, असा समज आयसीयूत खोल रुजलेला आहे. फोनवर पलीकडच्या पथकाने ‘सहा तासांनी रक्तातल्या गॅसचा रिपोर्ट पाठवा’ एवढंच म्हटलं असतं, तरी अँब्युलन्स, रक्त आणि मानेची उजवी शिर या तिन्ही गोष्टी एक दिवस आधी मार्गी लागल्या असत्या. मुंबई अर्ध्या तासावर असलेल्या रुग्णालयाला निकष पूर्ण होईपर्यंत थांबणं परवडतं. मध्ये घाट असणाऱ्याला परवडत नाही.

कधी थांबायचं हे सुरुवातीला लिहून ठेवलं नव्हतं. पाचव्या दिवशीच्या रक्तस्रावात नवऱ्याने विचारलं की अजून किती दिवस, आणि खोलीतल्या तीन डॉक्टरांनी तीन उत्तरं दिली. मेंदूत मोठा रक्तस्राव, किंवा ठरावीक दिवसांनंतरही फुप्फुसांत काहीच सुधारणा नसणं, अशा अटी संमतीपत्राच्या वेळीच बोलून घ्यायला हव्या होत्या.

हेपरिनचा वाद मात्र मिटलेला नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांचं म्हणणं, सिझरला तीन आठवडेही न झालेल्या बाईला बोलसनंतर हेपरिन द्यायलाच नको होतं, रक्तस्राव टळला असता. एक्मो पथकाचं म्हणणं, मग सर्किट आठव्याऐवजी पाचव्या दिवशी गेलं असतं, आणि कदाचित घाटातच.